डोमकावळ्याखालची माणसं

शनिवारी सकाळी प्रियंका खांबाखालचा कचरा उचलत होती, तेव्हा तिची आजी अजून जिवंत होती.

चिप्सच्या पिशव्या, चुरगळलेले टिश्यू, कुणाच्या तरी पोराचा एक मोजा. शुक्रवारचे पाहुणे उठून गेले की शनिवारचे यायच्या आत लॉन झाडून घ्यायचं, हे खरं तर माळ्याचं काम. पण खांबाच्या आसपासचा तुकडा प्रियंका दुसऱ्या कुणाला झाडू देत नसे. मॅनेजर कैलासला ते कामसूपणाचं लक्षण वाटे. लॉनवर बुटाने वावरणाऱ्या या गर्दीत तीच एकटी चपला काढून ठेवते, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

मुळशी धरणाच्या कडेला इंद्रजितचं हे रिसॉर्ट आहे. पाटीवर लांबलचक इंग्रजी नाव, गावात मात्र सगळे त्याला 'लास्का' म्हणतात. इंद्रजितने पुण्याजवळची सूसची जमीन बिल्डरला दिली, हातात पैसा आला, तेव्हा बायकोला घेऊन तो अलास्काच्या बोटीवर फिरून आला. तिथे त्याने ते उंच कोरीव खांब पाहिले. मोबाइलवर फोटो काढले आणि इकडे आल्यावर भोसरीच्या एका कारखान्यातून तसाच एक फायबरचा करून घेतला. खाली मासा, त्यावर अस्वल, आणि सगळ्यांच्या डोक्यावर पंख मिटून बसलेला एक भला थोरला डोमकावळा.

इंद्रजितच्या आईने, गोजराबाईंनी, तो उभा राहताना पाहिला आणि पदर तोंडाला लावला. "दहाव्याचा कावळा कायमचा आणून बसवलायस व्हय रं दारात," म्हणाल्या. सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. आपल्याकडे कावळा पिंडाला शिवला नाही तर मेलेल्या माणसाचं मागे काहीतरी राहिलंय असं म्हणतात. हा कावळा तर कशालाच शिवणार नव्हता.

ज्यांचे खांब इंद्रजितने फोटोत भरून आणले त्या लोकांचं नाव त्लिंगित. त्याला ते माहीत नव्हतं. त्याच्या लेखी ते रेड इंडियन. त्याने प्रियंकाला सांगितलं की नेटवर बघ, थोडी माहिती काढ आणि शनिवारी पाच वाजता शेकोटीपाशी पाहुण्यांना गोष्टीसारखं सांग. पोरगी बी.ए. झालेली, बोलायला गोड. छातीवर बिल्ला लावायचा, बिल्ल्यावर नुसतं 'प्रियंका'. आडनाव नाही. कुणी विचारलं तर पुण्याची म्हणायचं. प्रियंका देवू हिलम ही पलीकडच्या कातकरवाडीतली आहे हे त्याला माहीत होतं. पाहुण्यांना ते कळायचं काही कारण नव्हतं.

माहिती काढायला बसलेली प्रियंका वाचतच गेली. थंड समुद्राच्या काठची ही माणसं, रावस पकडून धुरावर सुकवणारी, देवदाराच्या लाकडाची घरं बांधणारी. त्यांच्यात समाजाच्या दोन बाजू, एक डोमकावळ्याची, दुसरी गरुडाची. मूल आईच्या कुळाचं, आणि लग्न नेहमी पलीकडच्या बाजूशी. कुळाचं चिन्ह ही कुळाची मालमत्ता, दुसऱ्याने ते विचारल्याशिवाय अंगावरही घ्यायचं नाही. मग गोरे आले. शाळा काढल्या. त्या शाळांत पोरगं आपल्या भाषेत बोललं की मार, नाहीतर तोंडात साबण. आता ती भाषा आईच्या दुधाबरोबर शिकलेली म्हातारी माणसं इतकी थोडी उरलीत की एका एसटीत मावतील.

इथे प्रियंका थांबली होती. तिच्या निवासी शाळेत साबण नव्हता. कातकरीत बोललं की झेंड्याच्या खांबापाशी उन्हात उभं राहायचं. आधी ती खूप उभी राहिली. मग बोलेनाशी झाली. घरी आजी कोंडाबाई कातकरीत काही विचारायची आणि ही मराठीत उत्तर द्यायची, आणि म्हातारी दर वेळी थोडी कमी विचारायची.

शनिवारच्या पाहुण्यांना प्रियंका हे सगळं सांगे. अँगून नावाच्या त्लिंगित गावावर १८८२ साली अमेरिकेच्या आरमाराने तोफा डागल्या, होड्या फोडल्या, घरं आणि हिवाळ्यासाठी साठवलेलं अन्न जाळलं, धुरात लहान मुलं गेली. आणि त्याची माफी मागायला त्या आरमाराला २०२४ साल उजाडलं. इथवर आलं की शेकोटीभोवती बायकांचे डोळे पाणवत. पुरुष घसा खाकरत. टाळ्या पडत. मागच्याच महिन्यात क्षितिजा नावाच्या एका बाईंनी तिचा हात हातात धरून म्हटलं होतं, किती सोसलंय हो या आदिवासींनी. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्याच बाईंनी कैलासकडे तक्रार केली, की कुंपणापलीकडे ती काळी, उघडी पोरं उभी राहून बघत असतात, मुलं घाबरतात, जेवण जात नाही. सोमवारी कुंपणाला हिरवी जाळी लागली.

जगाच्या दुसऱ्या टोकाच्या आदिवासीसाठी रडायला काही मोजावं लागत नाही. त्याचा वास येत नाही.

त्या हिरव्या जाळीपलीकडे कातकरवाडी. कुडाची घरं, मधे एक हातपंप. आणि जाळीच्या अलीकडे, लॉनखाली, खांबाखाली, शेकोटीच्या गोल बाकांखाली वाडीची मेलेली माणसं. कातकरी मयत पुरतात. किती पिढ्यांची ती मसणवट होती कुणास ठाऊक. जमीन कागदावर इंद्रजितच्या घराण्याची. पण त्याचे वडील भिवाजी यांनी कधी हरकत घेतली नव्हती. तुमची माणसं तुमचीच, असं ते म्हणत. भिवाजी गेले. कागद राहिला, बोललेलं राहिलं नाही. दोन वर्षांपूर्वी जेसीबी आला. थडग्यांवरचे दगड उचलून त्यांची शेकोटीभोवती छान गोल बैठक केली.

त्यानंतर वाडीत माणूस मेला की न्यायचा कुठे? गावच्या स्मशानात नाही. कातकऱ्याचं मयत तिथे आलं तर आमची माणसं कुठं न्यायची, असं गावकीने देवळात बसून ठरवलं. ठरवणारे कुणी राक्षस नव्हते. तेच लोक कातकऱ्यांच्या हातची मासळी विकत घेतात, त्यांच्याकडून भातलावणी करून घेतात. जिवंत कातकरी चालतो. मेलेला विटाळतो.

मग उरली धरणाची कड. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जो चिखल उघडा पडतो तो कुणाचाच नसतो. तिथे. प्रियंकाच्या भावाचं, विकासचं पहिलं मूल तीन महिन्यांचं होऊन गेलं, ते मे महिन्यात लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून तिथे ठेवलं. पावसाळ्यात धरण भरत आलं तेव्हा लुगड्याचा तो तुकडा मासे धरणाऱ्यांच्या जाळ्यात आला. तुकड्यात काय होतं ते वाडीत कुणी बोलत नाही. विकासची बायको तेव्हापासून पाण्याकडे पाठ करूनच हातपंपावर जाते.

कोंडाबाईने हे सगळं पाहिलं होतं. म्हणून खाटेला खिळल्यापासून ती एकच गोष्ट मागत होती. तिची भाषा तुम्हाला समजायची नाही, म्हणून इथे मराठीत: "मला पाण्यात ठेवू नका. मला माझ्या माणसाजवळ ठेवा."

तिचा माणूस लॉनखाली होता.

गोजराबाईंना झोप येत नव्हती तीही जेसीबी आला तेव्हापासूनच. दर अवसेला त्या भाताचा नैवेद्य केळीच्या पानावर वाढून लॉनच्या कडेला ठेवत. लेकाने देवभोळेपणा म्हणून हसण्यावारी नेलं. सकाळी पान तसंच असे. मुंग्या लागलेल्या, पण खरा कावळा एकही फिरकलेला नसे. गावात बोललं जाऊ लागलं की लास्कावर काहीतरी आहे. रखवालदार टिकत नाहीत. खांबापाशी कुणीतरी हुंदके देतं. हुंदके देणारी विकासची बायको असायची, कुंपणाला तोंड लावून. पण गावाला भूत हवं असतं. भुताला नारळ फोडून भागतं, बाईला विचारावं लागतं की का रडतेस.

शनिवारी दुपारी कोंडाबाई गेली.

विकासचा फोन आला तेव्हा प्रियंका स्वागताच्या टेबलाशी पाहुण्यांना सरबत देत होती. ती ट्रे ठेवून सरळ इंद्रजितकडे गेली. तो ऑफिसात जेवत होता. वाईट झालं म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. लहानपणी कोंडाबाईने आणलेल्या करवंदांची त्याला आठवण झाली. त्याने लगेच टेम्पो देऊ केला, लाकडं देऊ केली, घाटाखालच्या स्मशानात कोणाची तरी ओळख काढतो म्हणाला.

"दादा, आम्ही जाळत न्हाई," प्रियंका म्हणाली. "आजोबापाशी ठेवायचीय तिला. खांबाच्या वरच्या अंगाला. एवढीच जागा."

इंद्रजितने हात धुतला. "माझ्या लॉनवर?"

"लॉन आत्ता झालंय."

"हे बघ, तू शिकलेली हायेस. उद्या सगळी वाडी मयतं घेऊन आली तर मी काय करू? लोकं हितं मजेला येत्यात. कोण राहील हितं?" मग आवाज खाली आणून, समजावणीच्या सुरात, "पाचचा कार्यक्रम तेवढा करून जा. चाळीस माणूस हाय. कैलासला ते जमत न्हाई."

प्रियंका वाडीवर गेली.

म्हातारीला आंघोळ घातली होती. दाराशी बाप, देवू, गुडघ्यात डोकं घालून बसला होता. पोरीने मालकाचं उत्तर सांगितलं तेव्हा त्याने मान हलवली. त्याला दुसरं काही अपेक्षित नव्हतंच. कडेलाच नेऊ, म्हणाला. जरा वरच्या अंगाला, जिथं पाणी उशिरा येतं.

"उशिरा येतं, पण येतं ना बा?"

"मग काय करू? त्याच्या दारात हुबा ऱ्हाऊ? उद्या हाकलल्यावर कुटं जाशील? ही घरंबी त्याच्याच जमिनीवर हायेत, पोरी."

विकासची बायको घागर घेऊन उभी होती. दोन वर्षांत ती सासऱ्यासमोर मोठ्याने बोलली नव्हती. ती म्हणाली, "म्हातारीला पान्यात नेलं तर मी बी तितंच जाईन. सांगून ठेवत्येय."

प्रियंकाने मोबाइल पाहिला. पाच वाजायला आले होते. "तुमी तिरडी बांधा," ती म्हणाली. "मी कामावर जाऊन येते."

शेकोटी पेटली होती. पाहुणे दगडांच्या गोल बैठकीवर मावळतीकडे तोंड करून बसले होते, हातात भजी. सूसच्या एका सोसायटीतली आठ-दहा कुटुंबं मिळून आली होती. कैलासने माइक दिला. प्रियंकाने नेहमीसारखी सुरुवात केली, समुद्र, रावस, डोमकावळा, गरुड. मग तिने कैलासने कधी सांगू न दिलेला भाग काढला. तोफांचं चालतं, पण प्रेताबिताचं नको, मूड जातो, असं तो म्हणे.

"असे काही खांब त्लिंगित लोक मेलेल्यांसाठी उभारत," ती म्हणाली. "जुन्या काळी खांबाच्या पाठीमागे पोकळी करून त्यात माणसाची राख ठेवत. आणि त्यांच्यात एक रीत आहे. डोमकावळ्याच्या बाजूचं माणूस गेलं, तर त्याच्या घरच्यांनी फक्त रडायचं. मयताचं सगळं काम पलीकडच्या बाजूच्यांनी करायचं, गरुडवाल्यांनी. प्रेताशेजारी बसायचं, पेटी करायची, उचलायचं. दुःखातल्या माणसाला स्वतःचं मयत स्वतः उचलावं लागू नये म्हणून. पुढे वर्षाने दुःखातलं घर मोठं जेवण घालतं, त्यांचे उपकार फेडतं, मेलेल्यांच्या नावाने अन्न अग्नीत देतं."

वाह, असं कुणीतरी म्हणालं.

"माझी आजी आज दुपारी गेली. मी पुण्याची नाही. या जाळीपलीकडच्या कातकरवाडीतली आहे. तुम्ही बसलाय ते दगड आमच्या थडग्यांचे आहेत. खाली आमची माणसं आहेत. आजीला आजोबाजवळ ठेवायचंय आणि मालक नाही म्हणतात. तुम्ही पलीकडच्या बाजूचे आहात. कुणी येतंय का?"

शेकोटीत लाकूड तडतडलं. एका माणसाने शेजारच्याला म्हटलं, ॲक्टिंग जबरदस्त करते हां पोरगी. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. मग एक बाई दगडावरून हळूच उठल्या आणि साडी झटकू लागल्या, काही लागलंय का ते बघत. पोरांना खोलीत न्यायला सुरुवात झाली. कुणीतरी रिफंडबद्दल बोललं. मोबाइल मात्र पुष्कळ वर आले. माणूस एकही आला नाही.

तेवढ्यात जाळीचं फाटक उघडलं. पुढे विकास आणि त्याची बायको, मागे वाडी. तिरडी चार बांबूंची, त्यावर म्हातारी एवढीशी. देवू सगळ्यांच्या मागून, पाय ओढत. इंद्रजित पायऱ्या उतरून धावत आला आणि वाटेत आडवा उभा राहिला. पोलिसांना फोन केलाय, म्हणाला. एक पाऊल पुढे टाकलंत तर वाडी खाली करीन, म्हणाला. तिरडी थांबली. हाकललं जाण्याचं भय पिढ्यान्‌पिढ्यांचं असतं, ते एका संध्याकाळीत जात नाही.

स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून गोजराबाई आल्या. हाताला पीठ. लेकाकडे न बघता त्या तिरडीपाशी गेल्या आणि विकासच्या बायकोच्या खांद्यावरचा बांबू त्यांनी आपल्या खांद्यावर घ्यायला हात पुढे केला. पोरगी घाबरून मागे सरकली. शिवाशिवीची सवय दोन्हीकडून असते.

"सर गं, दे हिकडं."

"आई, आत हो," इंद्रजित म्हणाला. "लोक बघत्यात."

"बघू दे. तुझ्या बापानं शबूद दिल्ता, तवा मी हितंच हुबी व्हते. तू जेसीबी आणलास तवाबी हितंच हुबी व्हते, आन गप ऱ्हायले. आता मला गप बसवंना, इंद्या." मग मागे वळून, "देवू, खड्डा कुटं घ्यायचा ते दाव."

देवू पुढे आला. इकडे तिकडे न शोधता, न मोजता तो खांबाच्या वरच्या अंगाला एका जागी जाऊन उभा राहिला. खांब रोवायचा खड्डा त्यानेच खणला होता, रोजंदारीवर. मुकादमाने आधी दाखवलेली जागा हीच होती. देवूने पहार टाकून पाहिली आणि सांगितलं, इथं पहार जात नाही, बाजूला घ्या. मुकादमाने घेतली.

"तिथं कातळ हाय," इंद्रजित ओरडला. "तूच सांगितलंस तवा."

देवूने पहार उचलली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मालकाच्या डोळ्यांत पाहिलं. "कातळ न्हाई, मालक," तो म्हणाला. "बा हाय माजा."

माती मऊ होती. ती खणायला फार वेळ लागला नाही. इंद्रजित मधे पडला नाही, कारण मधे त्याची आई उभी होती. पोलीस आले तेव्हा वाडी मूठ मूठ माती टाकत होती. रांगेत गोजराबाईही होत्या. विकासच्या बायकोने माती टाकली आणि तिथेच लॉनवर आडवी पडली, गाल जमिनीला लावून. तिला कुणी उठवलं नाही.

गोष्ट इथे संपली तर बरं वाटेल. पण बरं वाटावं म्हणून ही लिहिलेली नाही.

देवू, विकास आणि प्रियंका यांच्यावर बेकायदा प्रवेशाचा गुन्हा दाखल झाला. प्रियंकाची नोकरी गेली. वाडीतल्या बायांना गावात मजुरीला कुणी बोलवेना. कोंडाबाईच्या मातीवर वाडीने ठेवलेले दगड आठवड्याच्या आत उचलले गेले आणि वर हिरवळीच्या लाद्या बसवल्या. गोजराबाईंशी त्यांचा मुलगा बोलत नाही. गावकीने त्यांना हळदी-कुंकवाला बोलवायचं बंद केलं आहे. बायका सांगतात की मयताला शिवल्या म्हणून नव्हे. कोणाच्या मयताला शिवल्या, म्हणून.

मसणवटीची नोंद सात-बाऱ्यावर व्हावी म्हणून प्रियंकाने अर्ज दिला आहे. ती फेऱ्या मारते. आणि दर शनिवारी पाच वाजता जाळीबाहेर, सरकारी रस्त्यावर, जिथून तिला कुणी उठवू शकत नाही, तिथे उभी राहते. लॉनखाली कोण कोण आहे त्यांची नावं घेते. मोठ्याने, कातकरीत. अमक्याची लेक, तमक्याची बायको, कुठले मासे धरायची, कशी हसायची. ही नावं तिने वाडीतल्या म्हाताऱ्यांकडून एकेक करून मिळवली. विचारताना तिची जीभ अडखळत होती, शाळेने घडी घालून ठेवलेली भाषा उलगडायला वेळ लागला. आता अडखळत नाही.

कैलासने उपाय म्हणून पाच वाजता मोठ्याने गाणी लावायला सुरुवात केली. प्रियंका गाणं संपेपर्यंत थांबते. एक गाणं संपून दुसरं लागायच्या मधे थोडी शांतता असते, तेवढ्यात तिची एक-दोन नावं होतात.

मागच्या शनिवारी इंद्रजित स्वतः फाटकापाशी आला. थकलेला दिसत होता. पाहुणे विचारतात कसला आवाज आहे, आणि काही जण रात्र न काढताच परत जातात. तुला काय पाहिजे ते एकदा सांगून टाक, म्हणाला.

"जाळी काढा," ती म्हणाली. "आन दगड परत जागेवर ठेवा. मग मी हितं येणार न्हाई. तितं येईन."

तो परत फिरला. जाळी अजून आहे.

या शनिवारी तुमचं तिथे बुकिंग असेल तर खुशाल जा. धरणाकडून वारा छान येतो. भजी गरम मिळतात. बैठकीच्या दगडावर बसाल, मान वर करून त्या कावळ्याचा फोटो काढाल. पाचला गाणं लागेल आणि संपेल. मग काही क्षण कुणीतरी तुम्हाला न समजणाऱ्या भाषेत एका माणसाचं नाव घेईल. ते माणूस तुमच्या खाली आहे. बसून राहायचं की उठायचं, हे तिथे तुम्हाला कुणी सांगणार नाही.